पाठ झालेला तक्ता

काचकाकांचा डावा खांदा दुकानाच्या मागच्या दाराला पहिल्यांदा आपटला, तेव्हा त्यांनी दाराला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा दारापाशी खोकी रचणाऱ्याला. तिसऱ्यांदा आपटला तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि मनाशी म्हणाले, नंबर वाढलेला दिसतोय.

चष्म्याच्या दुकानात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला डोळ्यांच्या सगळ्या तक्रारींवर एकच औषध दिसतं. दुकानाच्या पुढच्या भागात आरसे, दिवे, फ्रेमांच्या फळ्या आणि मालक. पडद्यामागे हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी खोली, त्यात काच घासायचं चाक, चाकावर थेंब थेंब गळणारं पाणी आणि काचकाका. पुढे मालकांनी नंबर काढून चिठ्ठी आत सरकवायची, आत काकांनी गोल काच फ्रेमच्या मापाला घासून बसवायची. कड गुळगुळीत झाली की नाही हे ते डोळ्यांपेक्षा अंगठ्याने ओळखत. बाजारातली मुलं त्यांना काचकाका म्हणायची, मग मोठीही म्हणायला लागली.

गेल्या दीड वर्षात त्यांनी स्वतःसाठी चार वेळा काचा बनवल्या होत्या. गिऱ्हाइकांनी परत केलेल्या, उरलेल्या काचांतून शोधून, डबा उपसून. नवी काच घातली की चार दिवस बरं वाटायचं. पाचव्या दिवशी खांदा आपटायचा.

दुखत काहीच नव्हतं. डोळा लाल नाही, पाणी नाही, टोचणं नाही. समोरचं बारीक अक्षर दिसत होतं. फक्त डाव्या बाजूने वस्तू अचानक येत. माणसं येत. रस्ता ओलांडताना एकदा सायकल आली, ती एकदम हवेतून निघाल्यासारखी. सायकलवाला ओरडला, "आजोबा, झोपेत चालता का?" आजोबा म्हटल्याचा राग यायला हवा होता. पण रागाला जागाच नव्हती.

कारण त्यांना त्यांचे वडील आठवले होते.

वडील हमाल होते. शेवटी शेवटी भिंतीला हात लावून चालायचे. घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी एकच सांगितलं होतं, वय झालं, नजर गेली. कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. नेण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. पाठ मोडली असती तर नेलं असतं, कारण पाठीवर घर चालत होतं. वडिलांचं तेव्हा वय होतं चौपन्न. काचकाकांना आता त्रेपन्न चालू होतं.

एका दुपारी त्यांच्या डाव्या कोपराने ट्रे खाली पडला. चार तयार चष्मे फरशीवर. दोन फुटले. मालक पडदा सारून आत आले. हे मालक तरुण, काकांना कामावर ठेवलं होतं ते या मालकांच्या वडिलांनी. त्यामुळे रागावतानाही त्यांची जरा पंचाईत व्हायची.

"काका, ट्रे तिथेच असतो ना रोज?"

"लक्ष नव्हतं मालक."

"लक्ष नव्हतं की दिसलं नव्हतं? चाकाशी बसता तुम्ही. उद्या बोट गेलं म्हणजे? या पुढे, खुर्चीत बसा. तपासतो."

काका खुर्चीत बसले. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आत दिवा लावलेला. वर एक मोठं अक्षर, खाली खाली बारीक होत गेलेल्या ओळी. या तक्त्याशी त्यांची ओळख जुनी. मुलगी लहान असताना बायको कामावर जायची, तेव्हा ते पोरीला दुकानात घेऊन येत. तिने अक्षरं शिकली ती या तक्त्यावरून. घरी जाताना बापलेक टाळ्या वाजवत म्हणत चालायची: प, रग, नटम, कलदस, बजगरय, तवपनहम. त्याला अर्थ नव्हता, पण चाल होती.

मालकांनी उजवा डोळा झाकला. "हं, वाचा."

डाव्या डोळ्याला वरचं 'प' दिसत होतं, लांब नळीच्या टोकाला असल्यासारखं. त्याच्या भोवती धुरकट. खालच्या ओळी म्हणजे मुंग्या. नाही दिसत म्हटलं तर चाक जाणार, हे त्यांना खुर्चीत बसतानाच कळलं होतं. आणि मग त्यांचं तोंड आपोआप चालायला लागलं. र, ग. न, ट, म. क, ल, द, स. शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता.

"अहो, हा डोळा तर माझ्यापेक्षा चांगला आहे," मालक म्हणाले. "मग ट्रे कसा पडला?"

"म्हणालो ना, लक्ष नव्हतं."

मालक हसले आणि दोन फुटलेल्या चष्म्यांचा विषय संपला. काका पडद्यामागे गेले. चाक चालू केलं, पण काच हातात घ्यायला त्यांना बराच वेळ लागला.

त्याच आठवड्यात साहेब आले. साहेब म्हणजे एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. काका आत स्क्रू बसवत होते आणि बाहेर साहेबांच्या मोबाइलची घंटी वाजली.

"माफ करा हं," साहेब मालकांना म्हणाले, "माझी थेंबांची वेळ झाली." खिशातून छोटी बाटली काढून त्यांनी तिथेच मान मागे टाकली.

"कसले थेंब साहेब?"

"काचबिंदू. अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं? पण तुम्ही तर अजून गाडी चालवता."

"वेळेत सापडला म्हणून. आमच्या कंपनीत दरवर्षी डोळे तपासायचे. मी तर जायला कंटाळायचो. मला काही त्रासच नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यातला दाब वाढलाय, आतली नस सुकायला लागलीय. म्हटलं, मला तर सगळं दिसतंय. त्या म्हणाल्या, तसंच वाटतं. आधी कडेचं जातं. समोरचं शेवटपर्यंत राहतं. माणूस पुस्तक वाचतो आणि दाराला धडकतो."

आत काकांच्या हातातून स्क्रू पडला.

"दुखत नाही?" मालकांनी विचारलं.

"दुखलं असतं तर बरं झालं असतं हो. माणूस धावला तरी असता."

"आणि गेलेली नजर?"

"ती परत येत नाही. आहे ती राखायची. हे थेंब जन्मभर. माझं काय, कंपनीचा विमा आहे, मुलगा आहे. बाटली महाग पडते पण."

साहेबांनी बाटलीची किंमत सांगितली. काकांची तीन दिवसांची मजुरी. एक बाटली महिनाभर जाते, असंही साहेब म्हणाले.

काका गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते. स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान. तो त्यांच्या डाव्या गुडघ्यापाशी होता, आणि तो त्यांना बोटांनी सापडला.

संध्याकाळी घरी बायको खाटेच्या डाव्या बाजूला उभी राहून कपडे घडी करत होती. ती एका लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची आणि घरी आल्यावरही कपडेच घडी करायची. ती बोलत होती, लॉन्ड्रीत कुणाच्या पँटच्या खिशात दात सापडले त्याबद्दल.

"अख्खी कवळी हो. वरची. मी म्हटलं, हा माणूस आठवडाभर जेवला कसा?"

काकांनी हळूच उजवा डोळा मिटला.

बायको गेली. आवाज होता, बायको नव्हती. भिंत होती, म्हणजे भिंतीचा एक तुकडा, ताटाएवढा, आणि त्याच्या पलीकडे काळंही नाही, काहीच नाही. आवाज त्या काहीच नसलेल्या जागेतून हसत होता. त्यांनी डोळा उघडला. बायको चादर झटकत उभी होती.

"काय झालं? भूत बघितल्यासारखं काय बघताय?"

"काही नाही. डोळ्यात कचरा गेला."

पुढचे तीन आठवडे काकांनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर खरं होईल अशी त्यांना भीती होती. दिवसातून वीस वेळा ते एकेक डोळा मिटून बघत. जिन्यात, दुकानात, नळाखाली तोंड धुताना. उजव्याचं काय, हा प्रश्न त्यांना खायला लागला. उजव्या डोळ्यानेही वरच्या कोपऱ्यातला घड्याळाचा काटा मधूनच गायब होतो का? की तो खरंच खाली गेला होता?

एकदा त्यांनी धीर करून बाजारापलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्याची काचेची दारं ढकलली. आत गारवा, मऊ खुर्च्या. काऊंटरवरच्या मुलीने आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांत काचेची राखाडी भुकटी होती, ती कितीही घासली तरी जात नसे.

"विमा आहे का?"

"नाही."

"नुसता नंबर काढायचाय की पूर्ण तपासणी?"

"पूर्ण म्हणजे?"

"डॉक्टरांची फी वेगळी, दाब बघायचे वेगळे, कडेच्या नजरेची चाचणी वेगळी, नसेचा फोटो वेगळा." तिने एकेक आकडा सांगितला. आवाजात वाईट काही नव्हतं, ती रोज शंभर जणांना हेच सांगत असणार. "नुसता नंबर काढायचा तर आता लगेच होईल. कमी पैशांत होईल."

काकांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि दोन महिन्यांच्या पगाराला जाऊन थांबले. मग त्यांनी नुसता नंबर काढला. आतल्या खोलीत तक्ता होता, अगदी तोच. प, रग, नटम. तपासणाऱ्या पोराने कागदावर लिहून दिलं, दोन्ही डोळ्यांची नजर उत्तम. काका बाहेर येऊन फुटपाथवर उभे राहिले. कागदावर उत्तम लिहिलेलं होतं आणि डाव्या बाजूचा रस्ता नव्हता. दोन्हीपैकी कशावर विश्वास ठेवावा हे त्यांना घटकाभर खरंच कळेना. पैसे देऊन खोटं बोलून आलेला माणूस दुसरा कोण असेल?

तो कागद बायकोला सदरा धुताना खिशात सापडला.

"हे काय हो?"

"नंबर काढला."

"तुमच्या दुकानात फुकट निघतो नंबर. पैसे देऊन कशाला काढला?"

ती त्यांच्या समोर येऊन बसली, आणि मग मुद्दाम सरकून डाव्या बाजूला बसली. काकांनी मान वळवली.

"बघा. महिनाभर बघतेय मी. मी इकडे बसले की तुम्ही कोंबडीसारखी मान फिरवता. मला आधी वाटलं रुसलात. मग म्हटलं, या वयात एवढा वेळ रुसायचं त्राण कुठलं."

काकांना हसू आलं. मग सगळं बाहेर आलं. दार, सायकल, ट्रे, साहेब, वडील. फक्त एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही: तक्त्याची. त्या खोटेपणाची लाज वाटत होती.

ती बराच वेळ सदऱ्याची बटणं लावत राहिली. धुवायचा सदरा होता, बटणं लावायचं काही कारण नव्हतं.

"उद्या सरकारी दवाखान्यात जायचं," ती म्हणाली.

"दिवसाचा खाडा होईल."

"दोघांचा होईल. मी येतेय."

सरकारी दवाखान्यात सकाळी सहाला रांग लागली होती. पुढे एक शिंपी, मागे डोळ्याला पट्टी बांधलेला एक वेल्डर, भिंतीला टेकून बसलेल्या दोन म्हाताऱ्या. इथे कुणी कुणाचे हात बघत नव्हतं. काकांचा नंबर आला तेव्हा साडेदहा वाजले होते. तपासणारी बाई मोठ्या वयाची, आवाज बसलेला.

"उजवा डोळा झाका. वाचा वरून."

तक्ता तोच होता. काकांनी 'प' म्हटलं, आणि मग तोंड पुन्हा आपोआप चालायला लागलं. "र, ग. न, ट, म. क, ल, द..."

मागे बायको खाकरली.

ती चाल तिने वर्षानुवर्षं ऐकली होती. बापलेक टाळ्या वाजवत दारातून आत यायची तेव्हा तीच चूल सांभाळत असायची. तिला अक्षरांशी काही घेणं नव्हतं, पण चाल कळली. ती पुन्हा खाकरली. तपासणाऱ्या बाईने वर पाहिलं.

काका थांबले. समोर तो धुरकट नळीचा शेवट, मागे बायकोचा श्वास. आता शेवटची ओळ म्हटली की कागदावर उत्तम येईल, बाई पुढच्याला हाक मारेल आणि ते चाकाशी परत जातील. किती दिवस? वडिलांचा भिंतीवरचा हात त्यांना दिसला, भिंत जिथे काळपट झाली होती तो पट्टा दिसला.

"बाई," ते म्हणाले, "मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. हा तक्ता मला पाठ आहे. दुसरा लावा."

बाईने पेन खाली ठेवलं. रागावेल असं काकांना वाटलं. ती उठली, कपाटातून दुसरा पुठ्ठा काढला, अडकवला. "वाचा."

काकांनी पाहिलं. वर काहीतरी मोठं होतं. वाकडं. कदाचित 'भ'.

"खाली?"

काकांनी मान हलवली, नाही.

मग दाब मोजला, थेंब घातले, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या. एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात त्यांना हनुवटी टेकवून बसवलं. आधी उजवा डोळा झाकलेला. मधल्या ठिपक्याकडेच बघायचं, कडेला कुठेही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. काकांनी बटण घट्ट धरलं. यंत्र आत कुरकुरत होतं, म्हणजे ते दिवे लावत असणार. काकांना दिसत काही नव्हतं. मिनिट गेलं. बटणावरचं बोट घामाने ओलं झालं. एकदा त्यांना वाटलं, दाबून टाकावं, दिसो न दिसो. पण अंदाजाने बरोबर यायला इथे पाठ काही नव्हतं. एकदा दिसलं, दाबलं. मग पुन्हा नुसती कुरकुर. एवढे दिवे आपल्यासमोर लागतायत आणि विझतायत आणि आपल्याला एकही कळत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

डॉक्टरीण तरुण होती. तिने दोन कागद पुढे ठेवले. डाव्या डोळ्याच्या कागदावर शाई सांडल्यासारखं काळं, मधे बोटाएवढं पांढरं. उजव्याच्या वरच्या बाजूला काळी कोर.

"डावा बराच गेलाय, काका. उजवा नुकता सुरू झालाय. हा राखायचा. थेंब रोज, ठरलेल्या वेळी, एक दिवस चुकवायचा नाही. आमच्याकडे साठा असेल तेव्हा फुकट मिळतील. नसेल तेव्हा बाहेरून घ्यावे लागतील."

"नसेल असं किती वेळा होतं?" बायकोने विचारलं.

डॉक्टरीणीने पेनाचं टोपण काढलं. "होतं."

"बाटली पुरवून वापरली तर चालेल? एक दिवसाआड?"

"नाही मावशी. तिथेच माणसं डोळा घालवतात." मग ती काकांकडे वळली. "दोन वर्षांपूर्वी आला असता तर..." तिने वाक्य तिथेच सोडलं आणि लिहायला लागली. "घरात कुणाला होतं?"

"वडिलांना. असावं."

"मुलं?"

स्वतःच्या दोन डोळ्यांच्या धाकात हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "एक मुलगी," ते म्हणाले.

"तिला आणा."

मालकांना सांगणं राहिलं होतं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, तक्त्याचंही. कपाळाला हात लावला. "माझ्या खुर्चीत बसून मलाच फसवलंत काका." मग म्हणाले, "चाकावर नको आता. फ्रेमा बसवा, स्क्रू बघा. पगार थोडा कमी होईल." काका हो म्हणाले. कमी म्हणजे किती हे विचारायची त्यांची छाती झाली नाही. पंधरा दिवसांनी साहेब दुकानात आले, घंटी वाजली, साहेबांनी मान मागे टाकली. काका आता काऊंटरपाशी बसत होते. त्यांचं वय साहेबांहून दहा वर्षांनी कमी होतं. साहेबांनी डोळे पुसले आणि किल्ली घेऊन गाडीकडे गेले, डावीकडे उजवीकडे न अडखळता.

मुलगी सत्तावीस वर्षांची. एका बेकरीत काऊंटरवर असायची. ती यायला तयार नव्हती. "बाबा, मला सगळं दिसतं."

"मलाही सगळं दिसत होतं."

ती तपासणारीच्या समोर बसली तेव्हा काका तिच्याआधीच बोलले. "हिलाही पाठ आहे. दुसरा लावा." मुलगी हसली, बाई हसली. काका हसले नाहीत.

दुसऱ्या तक्त्यावर तिने सगळ्या ओळी वाचल्या. त्याने काही सिद्ध होत नाही, हे काकांना आता कळत होतं. मग तिला अंधाऱ्या खोलीत नेलं. पडदा ओढला. काका आणि बायको बाकावर बसले. आतून यंत्राची कुरकुर येत होती. काकांनी कान दिले. बटणाचा आवाज आला. टक. मग काहीच नाही. बायकोने त्यांचं मनगट धरलं. टक. टक. थोडं थांबून टक. आपल्या वेळी इतका वेळ शांतता होती की यंत्र बिघडलंय असं वाटलं होतं. टक. टक.

तपासणारी बाई कागद घेऊन बाहेर आली. काकांनी तो जवळजवळ तिच्या हातातून ओढला आणि उजव्या डोळ्यासमोर धरला. पांढरा होता. सगळा पांढरा, आणि एका बाजूला काळा ठिपका.

"हा काय आहे?" त्यांचा आवाज फाटला. "हा काळा?"

"तो सगळ्यांनाच असतो काका. डोळ्याची नस जिथून आत येते तिथे दिसतच नाही कुणाला."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. मलाही आहे. डॉक्टर बघतील, पण कागद चांगला आहे. दरवर्षी आणायचं मात्र तिला. एवढं करा."

काकांनी बायकोकडे पाहिलं, मान पूर्ण वळवून. मग कागद उलटा करून बाईसमोर धरला.

"तारीख लिहून द्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीची. मोठ्या अक्षरात लिहा."